मानमोडीत मी वारलो त्याची हकीकत

सोलापूर, मंगळवार पेठ
कार्तिक वद्य, शके १८५०

तीर्थस्वरूप सिद्धलिंगमामा, मुक्काम माढा, यांस भाचा महादेवप्पा याचे दोन्ही हात जोडून शरणार्थ. इकडे सगळे सुखरूप आहेत आणि मी जिवंत आहे. (हे वाक्य मी दर पत्रात घालतो म्हणून मामींना राग येतो, ठाऊक आहे. पण या खेपेस ते चेष्टेनं लिहिलेलं नाही. गावात त्याबद्दल खरोखरच दोन तट पडले आहेत, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळून घेता, की बाटली कोनाड्यात आणि गुडघा तसाच? मामींचा दमा, थोरल्या बैलाचा डोळा आणि शाळू कितपत वर आला, सगळं सविस्तर कळवा. आमचं दोर-सुतळीचं आणि गोणपाटाचं दुकान बरं चाललं आहे. निदान वाचनालयापेक्षा तरी बरं.

वाचनालयावरूनच पत्राला कारण झालं. पेठेच्या तोंडाला खाली तेलाचं दुकान आणि वर वाचनालय, कुठलंही पुस्तक उघडा, करडईचा वास येतो, तेच ते. त्याचे चिटणीस बाळासो वकील. (वकिली शिकले, चालली नाही, म्हणून वाचनालय चालवतात. तेही फारसं चालत नाही, पण इथे हरलं तरी अशील रडत नाही.) दसऱ्याच्या सुमारास वकिलांच्या मनात आलं की मानमोडीला यंदा दहा वर्षं झाली. विलायतेची लढाई संपतासंपता तो जो ताप आला, आधी माणसाची मान धरायचा आणि मग माणूसच धरायचा, घरंच्या घरं आडवी करून गेला, त्याच्याबद्दल कागदावर काय आहे? म्युनिसिपालटीत मेलेल्यांचे आकडे आहेत. जे जगले त्यांचं काय? तेव्हा ज्यांनी ती साथ काढली त्यांनी वाचनालयात येऊन आपापली हकीकत सांगावी, वाचनालय ती लिहून घेईल, जाड पुठ्ठ्यात बांधील आणि कपाटात ठेवील. विचार चांगला होता. मीसुद्धा मान डोलावली. (मी कार्यकारी मंडळात आहे. पुस्तकांचे गठ्ठे बांधायला सुतळी फुकट मिळते म्हणून घेतलं असावं.)

वकिलांनी आधी पत्रक छापलं. त्यात ‘ज्वरसंहारकालीन अनुभवांचे संकलन’ असे शब्द होते. पेठेतल्या भजीवाल्यानं त्यात भजी बांधून दिली, ते सोडलं तर ते पत्रक कुणाच्या हातात गेलं नाही. मग मी सुचवलं की येडूकडून दवंडी पिटवा. (माझं सुचवणं मंडळात क्वचितच कुणी ऐकतं. नेमकं हे ऐकलं.) वकिलांनी येडूला पानभर मजकूर पाठ करायला दिला. पहिल्या चौकापर्यंत त्यानं तो नेला असेल, पुढे त्याच्या डोक्यात राहिलं ते एवढंच: “मानमोडी हो मानमोडी! ज्यास्नी झाली आसंल त्यांनी वाचनालयात यावं होऽ!” मामा, पुढचं काय सांगू! माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या घरानं बाजेवर गाठोडी टाकली, शेजारच्यानं बंडी जुंपली, आणि प्लेगात जसे माळावर झोपड्यांत राहायला जायचे तशी निम्मी गल्ली निघाली. मी अनवाणी त्यांच्यामागे धावत नाक्यापर्यंत गेलो, “अहो, ती दहा वर्षांपूर्वीची आहे, दहा वर्षांपूर्वीची!” असं ओरडत. तर एक म्हातारा बंडीतून म्हणाला, “म्हंजे दहा वर्सं मुरलीया की! आता लई जोरात यील.” ज्यांना पळता येत नव्हतं असे चार खोकणारे गडी मात्र वाचनालयाच्या जिन्यावर येऊन बसले आणि औषध कधी मिळणार म्हणून विचारू लागले. वकील म्हणाले, औषध नाही, हकीकत सांगा. त्यांनी सांगितली. ती कालपासूनच्या खोकल्याची होती.

एवढं झाल्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता, पण वकिलांनी वाचनालयाच्या माडीवर रविवारी दुपारी सभाच ठेवली. सभेच्या आदल्या दिवशी ते माझ्या दुकानी आले, गोणपाटाच्या चळतीवर बसले, बराच वेळ उपरण्याशी चाळा केला आणि म्हणाले, “महादेवप्पा, एक विनंती आहे. उद्या पुष्कळ हकीकतींत तुमचं निधन येणार आहे. तेवढं मध्येच उठून हरकत घेऊ नका. लोकांच्या भावना आहेत. आभारप्रदर्शन तुमच्याकडे ठेवलंय.”

इथे जरा थांबतो. माझ्या निधनाची हकीकत माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक. पण दहा वर्षांत आपण तिच्यावर हसलोच तेवढे, बोललो कधी नाही. म्हणून माझी बाजू एकदा नीट मांडतो. त्या साली मी गोणपाटाच्या सौद्यासाठी माढ्याला आलो, तर तुमच्या घरी सगळी अंथरुणाला खिळलेली. तुमच्या डोक्यावर आणखी एक नको म्हणून मी धर्मशाळेत उतरलो. तिथे मलाच ताप भरला. अंगाची आग होत होती म्हणून कोट काढून फेकला. (तोच तो, हिरव्या चौकड्यांचा. शिंप्यानंही शिवताना ‘असा दुसरा करणार नाही’ अशी शपथ घेतली होती.) शेजारी एक अनोळखी माणूस हुडहुडी भरून पडला होता, त्यानं तो ओढून अंगात घातला. एका कोटावर दोघांचं भागलं. तेवढ्यात माझं नेहमीचं गिऱ्हाईक तात्याबा धनगर दोर न्यायला आला. त्यानं मला पाहिलं, उचललं आणि बंडीत घालून रानात त्याच्या मेंढ्यांकडे नेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही, स्वतःच्या अंगात ताप असताना, मला शोधत धर्मशाळेत आलात. तुम्हाला माझा कोट दिसला आणि त्या कोटात एक मेलेला माणूस दिसला. तोंडावर फडकं टाकलेलं, जवळ जायची कुणाची छाती नाही, ‘लवकर उचला’ म्हणून लोकांचा तगादा. गळ्यात इष्टलिंग नाही हे पाहून तुम्ही काय म्हणालात ते तुम्हीच एकदा सांगितलंत: “कार्ट्यानं हरवलंच शेवटी.” मग मठातल्या अय्यांकडून नवं लिंग आणून त्याच्या गळ्यात बांधलंत, विभूती लावलीत, आपल्या हातानं माती दिलीत आणि तसेच आगगाडीत बसून सोलापूरला आमच्या दारात येऊन बसलात.

तर सभा. माडी भरून माणसं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, वकील टेबलाशी टाक घेऊन. पहिला उठला कोंडीबा टांगेवाला. त्यानंच तुम्हाला स्टेशनावरून घरी आणलं होतं ना! त्याच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही टांग्यात बसताच घोड्याला कळलं. घोडा चालेना. घोड्याच्या डोळ्यांतून धारा. (हा घोडा मला पक्का आठवतो, त्याला एकच डोळा होता.) त्यानंतर शेजारची चंद्रव्वा. “अय्यो शिवने!” म्हणून तिनं जी सुरुवात केली ती थेट माझ्या जन्मापासून. माझ्या मरणाआधी आठ दिवस आमच्या पत्र्यावर एक घुबड येऊन बसायचं आणि ते माझ्या आवाजात खोकायचं, असं तिनं शपथेवर सांगितलं. बायकांकडून हुंदके येऊ लागले. मग खुद्द वकील उठले आणि खिशातून पिवळा पडलेला कागद काढला. मामा, त्या वेळी त्यांनी माझ्यावर विलाप लिहिला होता! मी परत आल्यावर त्यांनी तो मला दाखवला नाही, पण फाडलाही नाही. ‘तुटली सुतळी, फाटलें गोणपाट, महादेवा, कैसी धरिलीस वाट’ अशी सुरुवात. खोटं कशाला बोलू, तिसऱ्या कडव्याला माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मी खांबाआड बसलो होतो. माझ्या शेजारी वळसंगहून बाजाराला आलेला एक म्हातारा होता, सावली दिसली म्हणून वर आलेला. तो डोळे पुसत म्हणाला, “मयत लई भला मानूस हुता म्हना की. तुमचं कोन?”

मी म्हणालो, “जवळचेच.”

“वय काय हुतं?”

“माझ्याएवढंच.”

“अरारा! लेकरंबाळं?”

“आहेत. बरं चाललंय त्यांचं.”

त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चंचीतली सुपारी दिली. ती चघळताना मात्र माझा संयम सुटला. म्हटलं, ज्याचं मरण त्याला एक शब्द बोलू देऊ नये हा कुठला न्याय? उठलो, पुढे गेलो आणि माझी हकीकत सांगितली. तात्याबाच्या बायकोनं, म्हाळसाबाईनं, शेळीचं दूध कसं पाजलं, मेंढ्यांच्या उबेत कसा निजवला, शुद्धीवर आलो तेव्हा एक मेंढी माझं उपरणं कसं चावत होती. आणि मामा, लोकांना जांभया आल्या हो! त्यात ना घुबड ना घोडा, एक माणूस झोपला आणि उठला, एवढंच. मध्येच कोंडीबा अगदी मायेनं म्हणाला, “आप्पा, तुमी तितं न्हवताच की. तुमी कसं वारला ते तुमाला काय म्हाईत?” सगळी माडी म्हणाली, “बराबर हाय! बसा, बसा.” मी बसलो. बिनतोड होतं.

आता सभा संपणार आणि मी आभार मानणार, एवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, “मला बोलायचं हाय.” वळून पाहतो तर तुमची सूनबाई, आमची जगदेवी, पदर खोचून उभी. मामा, आमच्या लग्नाला वीस वर्षं होत आली, पण चार माणसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. (घरातला वेगळा. तो रोज ऐकतो.) वकिलांनी टाक दौतीत बुडवला. ती जे बोलली ते जमेल तसं लिहितो.

ती म्हणाली, “तुमी समदी रडला, बरं केलं. मी न्हवते रडले. मामा दारात येऊन बसलं, त्यास्नी बोलवंना, नुसतं हातानं दावलं. माज्या मनात आलं, हे कवा बाजारातनं येळेवर आले न्हाईत, जेवाय येळेवर बसले न्हाईत, सोताच्या लग्नात मुहूर्त टळल्यावर मांडवात आले. मग मरायचीच बरी ह्यास्नी एवढी घाई झाली?”

माडी हसली. मीही हसलो. ती हसली नाही.

“मग बायका आल्या, बांगड्या फोडायला. चंद्रव्वा, तू बी हुतीस. मी काय केलं, परात पुढं वढली आन् ज्वारीच्या पिठात हात घातलं. म्हनलं, पीठ भिजवलंय, एवढ्या भाकरी हुंद्यात, मग काय करायचं ते करा. त्या झाल्या की आनिक पीठ. पिठातल्या हाताला कोन हात लावनार? एवढ्या भाकरी करायच्या तरी कुनासाठी? तवा गल्लीत कुनाची चूल पेटत न्हवती. समदी पडलेली. म्हनून चंद्रव्वा टोपलं घिऊन घरोघरी वाटायची. कोंडीबा, तुमच्या घरी बी गेल्या. वकीलसाहेब, तुमची आई अन् तुमी दोगं बी पडून हुता, तुमाला दुधात कुस्करून दिली. दुसऱ्या दिसाला पीठ सरलं, तवा जात्यावर बसले. जात्याचा खुंटा सोडला की बांगड्या जानार. हात सुजलं. तरी सोडला न्हाई.”

आता माडीवर कुणी हसत नव्हतं. कोंडीबा खाली बघत होता. मामा, मला हे ठाऊक नव्हतं. मी आलो तेव्हा घरात भाकरींची चळत लागली होती एवढं आठवतं. माझ्यासाठीच केल्या असं समजून मी पोटभर जेवलो होतो.

“मग हे आले,” ती म्हणाली. “दारात हुबं, नुसता सापळा. माजं हात परातीतच. म्या म्हनलं, कोट कुटाय? हे म्हनले, शेजारच्यानं घातला. तवा मी हसले. लई हसले, हसताहसता परातीवरच कलंडले. आन् मग मनात आलं, मग त्यो कोट घालून मेलं कोन? आज दहा वर्सं झाली. तुमी समद्यांनी ह्यांच्या मरनाची गोष्ट सांगितली, हे तर बसलेत तितं, सुपारी खात्यात. पर तितं एक मानूस मेलंच हुतं की. त्याची बी कुनी बायकू आसंल. तिच्या दारात सांगाया ना मामा गेलं, ना कोन दुसरं गेलं. ती बी बसली आसंल पिठात हात घालून. कवर मळत बसली आसंल ती?”

एवढं बोलून ती बसली. वकिलांच्या टाकाची शाई कागदावर गळून मोठा डाग पडला होता आणि त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे पुढे आभारप्रदर्शन होतं. मी उभा राहिलो, “आभार” म्हणालो आणि पुन्हा खाली बसलो. वाचनालयाच्या स्थापनेपासून इतकं आखूड भाषण झालं नाही असं नंतर मंडळात बोललं गेलं. जिना उतरताना कोंडीबा जगदेवीला आडवा आला आणि म्हणाला, “वैनी, घोड्याचं खोटं हुतं. भाकरीचं खरं हाय. आमच्या म्हातारीनं खाल्ली त्यो तिचा शेवटचा घास.” चंद्रव्वानं घुबडाबद्दल अजून काही कबूल केलेलं नाही.

घरी येताना जगदेवी पुढे आणि मी मागे. (एरवी उलट असतं.) आपण लग्नाकार्यात जमलो की मी ही गोष्ट सांगून मांडव हसवतो, आणि ती सुरू झाली की तुम्ही उठून बैलांना पाणी दाखवायला जाता, हे मला त्या वाटेवर आठवलं. मांडवात बैल नसले तरी जाता. तुम्ही चुकून रडलात म्हणून लाजता असं मी समजत आलो. तसं नसावं. माती तुम्ही दिलीत. तो माणूस होता हे त्या मांडवात तुम्हाला एकट्यालाच ठाऊक होतं.

असो. पत्र लांबलं. मामींना शरणार्थ, पोरांना आशीर्वाद. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

आपला आज्ञाधारक
महादेवप्पा

ता. क. सगळं लिहिलं आणि मुद्द्याचं राहिलं. येत्या सोमवारच्या सकाळच्या पॅसेंजरनं मी आणि जगदेवी माढ्याला येतो आहोत. मुक्काम नाही, पाहुणचार नको. तुम्ही त्याला जिथे माती दिलीत ती जागा आम्हाला दाखवायची, एवढंच काम आहे. तात्याबालाही निरोप धाडला आहे. धर्मशाळेत मला उचलताना त्यानं त्या शेजारच्याला पाहिलं होतं. तो कुठल्या वाटेनं आला, कुठल्या बोलीत कण्हत होता, काही आठवलं तर कुठल्या गावात विचारायचं ते तरी कळेल. दहा वर्षांनी काय कळणार, असं मी म्हटलं. तर ती म्हणाली, “तिला अजून काईच कुनी सांगितलं न्हाई.” यावर तुम्हाला उत्तर सुचलं तर सोमवारपर्यंत राखून ठेवा.

आणखी ता. क. बाळासो वकीलही येतो म्हणतात. त्या अनोळखी माणसावर त्यांना नवा विलाप लिहायचा आहे. मी सक्त मनाई केली, म्हणून ते फक्त दोन कडवी लिहिणार आहेत. कोंडीबाही येतो आहे. ती जागा आपण बरोबर दाखवू असं तो म्हणतो. तो जन्मात माढ्याला आलेला नाही. तेव्हा मामींना सांगा, पाहुणचार नको हे वर लिहिलं ते खोडलं असं समजावं आणि तात्याबा धरून पाच माणसांचा स्वयंपाक धरावा.

आणखी एक ता. क. हे पुढचं जगदेवी सांगते तसं शब्दाला शब्द लिहितो आहे, कारण ती पाठीशी उभी आहे आणि तिला वाचता येतं हे मला परवाच कळलं.

मामास्नी शरनार्थ. ह्यांनी लिवलंय त्यातलं मेंढीनं उपरनं चावलं ते खोटं हाय. ते उपरनं मी पुढं दोन वर्सं पोतेरं म्हनून वापरलं, त्याला एक भोक न्हवतं. बाकीचं खरं हाय. तुमी मनाला लावून घिऊ नका. परक्या मानसाला आपला म्हनून माती दिली, ह्यात चूक कसली आली? तितं आल्यावर त्याला हाक मारायला काईतरी नाव पायजे म्हनून मी लई इचार केला. माती देताना तुमी नाव घेतलं आसंल, आन् ते ह्यांचंच घेतलं आसंल. तर ते त्याच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. ह्यांचं काय अडत न्हाई. मी कुटं ह्यास्नी नावानं हाक मारती?